कोपर वर

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.

आजपासून वेटलिफ्टिंग. निर्णय माझा. बायकोच्या मते अचानक घेतला. अचानक नाही, काल जेवल्यापासून डोक्यात होता.

कारण नोंदवून ठेवतो. मुलगी (वय पंधरा) वर्षभर त्या हॉलमध्ये वजनं उचलायला जाते. तीस मार्चला तिची पहिली मोठी स्पर्धा. नियम असा की प्लॅटफॉर्मच्या मागच्या खोलीत कोचशिवाय घरचं एकच माणूस सोबत राहू शकतं. ते माणूस मी असणार हे उघडच आहे. काल जेवताना तसं जाहीर केलं. मुलीनं ताट थोडं पुढे सरकवलं. मग म्हणाली, बाबा, कॅच म्हणजे काय ते तरी माहितीय का तुम्हाला? आधी शिका, मग बघू.

म्हणजे नेमणूक झाली. फक्त पात्रता पूर्ण करायची राहिली. दोन महिने हातात आहेत. मला पंधरा दिवस पुरतील.

४ फेब्रुवारी

हॉल म्हणजे जुनं गोदाम. वर पत्रे, खाली लाकडी चौथरे, कोपऱ्यात वजनाच्या रबरी प्लेटांची उतरंड. भिंतीवर फळा. फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि त्यानं आजवर उचललेलं सर्वांत जास्त वजन. माझं नाव अजून नाही. जागा बघून ठेवली.

कोच बाई आहेत. सगळे मॅडम म्हणतात. उंची माझ्या खांद्यापर्यंत. त्या मला काका म्हणाल्या. आमच्या वयात फार तर चार वर्षांचा फरक असेल. गैरसमज होईल दूर.

कॅच म्हणजे काय: प्लेटा लावलेला बार जमिनीवरून जोरात वर ओढायचा, आणि तो वर येतोय तोवर आपण झटकन खाली बसून त्याला खांद्यांवर झेलायचं. कोपर पुढे आणि वर. बोटं बारखाली नुसती टेकलेली. मग उठायचं. एवढंच. यात शिकवण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

मला बारऐवजी प्लास्टिकचा पाइप दिला. मी म्हणालो, मी धंद्यानं वजनाचाच माणूस आहे, वीस वर्षं वजनकाटे तपासतोय, दुकानांचे, कारखान्यांचे, दवाखान्यांचे. मॅडम म्हणाल्या, छान, आता पाइप उचला.

माझ्याबरोबर आजच एक दंतवैद्य बाई भरती झाल्या. काडीपैलवान. फार दिवस टिकतील असं वाटत नाही.

मुलगी शेवटच्या चौथऱ्यावर होती. तिनं मला ओळख दाखवली नाही. हॉलमध्ये नातं बाजूला ठेवायचं ही शिस्त मला आवडली.

७ फेब्रुवारी

पाइप.

१० फेब्रुवारी

पाइप. मॅडमचं म्हणणं, मी खाली जातच नाही. बार आपणहून खांद्यावर येऊन बसेल म्हणून वाट बघत उभा राहतो. म्हणाल्या, काका, तो तुमच्याकडे येणार नाही, तुम्ही त्याच्याखाली जायचं. मी म्हणालो, पुरेसा जोर लावला तर येईल. त्या म्हणाल्या, आज पाइप आहे म्हणून येतोय.

एक मात्र खरं. मी पटकन वाकणाऱ्यांतला नाही. ऑफिसात सगळे ओळखून आहेत.

१३ फेब्रुवारी

पाइप घरी नेऊ देत नाहीत. सरावात खंड नको म्हणून बाहेरच्या खोलीतल्या पडद्याचा रॉड वापरला. पडदा काढत बसलो नाही, वेळ वाचवला. ओढ उत्तम. रॉड कपाळापर्यंत आला. पडदा त्याहून थोडा पुढे आला. पुढचं नीट दिसलं नाही. सोफ्याचा हात लागला.

बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हणालो, अंगण नाही, रॉड वाकडा झालाय. तिनं पडदा माझ्या डोक्यावरून काढून घेतला आणि धुवायला टाकला.

१७ फेब्रुवारी

दंतवैद्य बाईंना आज खरा बार मिळाला. मला पाइप. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून त्यांची मनगटं मोकळी झालेली असणार. हा सरळसरळ धंद्याचा फायदा आहे. मनात ठेवलं नाही. फक्त इथे लिहिलं.

२० फेब्रुवारी

बार मिळाला! रिकामा, पण बार. (मीच आधी उचलला, मग मॅडमना सांगितलं.)

ओढला. खांद्याऐवजी गळ्याखालच्या हाडावर आला. कोपर जमिनीकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या, काका, कोपर वर. मी म्हणालो, वरच आहेत. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कॅमेऱ्याचा कोन चुकीचा होता.

संकल्प: उद्यापासून कोपर वर.

२४ फेब्रुवारी

मनगटाला क्रेप बँडेज. ऑफिसात साहेबांनी विचारलं काय झालं. स्पोर्ट्स इंज्युरी, म्हणालो. पलीकडच्या टेबलापर्यंत जाईल अशा बेतानं म्हणालो. साहेब म्हणाले, सह्या तरी डाव्या हातानं करा, काम खोळंबलंय.

संध्याकाळी मुलीला तिच्या कोपरातला दोष समजावून सांगितला. डावा किंचित उशिरा येतो. तिनं कानात हेडफोन घातले. गाणी ऐकत शिकणं ही हल्लीच्या मुलांची पद्धत असावी. मी थोडं मोठ्यानं समजावलं.

२७ फेब्रुवारी

आजची घटना सविस्तर लिहितो.

मुलीनं पन्नास किलो लावले. आजवर कधी लावले नव्हते. हॉलमधले सगळे आपापलं काम थांबवून उभे राहिले. तिनं हाताला खडूची पूड लावली, बार धरला, ओढला, आणि दिसेनाशी झाली. म्हणजे बारच्या खाली गेली. इतक्या खाली की मला वाटलं संपलं. एक क्षण तशीच बसून राहिली, मांडीचे स्नायू थरथरत होते. मग उठली. डोक्यावर नेला. टाकला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी फळ्यावर तिच्या नावापुढे ५० लिहिलं. मुलगी हसली. घरात ती अशी हसलेली मला आठवत नाही. मला दोनदा नाक शिंकरावं लागलं. तिथे खडूची धूळ फार आहे.

मात्र त्या प्लेटा जुन्या आहेत. कडा झिजल्यात, एकीचा टवका उडालाय. वीस वर्षांच्या नजरेतून सुटत नाही. उद्या काटा घेऊन जातो.

२८ फेब्रुवारी

ऑफिसचा काटा आणि प्रमाणित वजनं घेऊन सगळ्यांच्या आधी हॉलवर पोहोचलो. मुलीनं काल वापरलेल्या प्लेटा आणि बार मोजला. शंका खरी ठरली. एकूण भरले एकोणपन्नास किलो चारशे ग्रॅम. सहाशे ग्रॅमची तूट!

सगळे जमल्यावर जाहीर केलं. अशी गोष्ट आपल्या घरचीच आहे म्हणून झाकायची नसते. फळ्यावरचे ५० पुसले, ४९.४०० लिहिले. प्लेटांवर 'तपासले' अशी चिकटपट्टी लावून खाली आद्याक्षरं घातली.

हॉल एकदम शांत झाला. आदरानं शांत होतात लोक. मुलगी हात धुवायला गेली ती परत आली नाही. चालतच घरी गेली म्हणे. व्यायामानंतर चालणं चांगलंच.

मॅडम म्हणाल्या, काका, प्लेटेवर जे लिहिलंय ते वजन, आमचा हॉल असाच चालतो. मी त्यांना विश्वासावर काटा का चालत नाही ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण बघत दाराकडे होत्या. दंतवैद्य बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दंतवैद्य 'काढावा लागेल' म्हणायच्या आधी बघतात.

जाता जाता माझा नेहमीचा बारही तपासला. तो जास्त भरत असणार असा मला पहिल्यापासून संशय होता. कमी भरला. ऑफिसचा काटा दुरुस्तीला पाठवावा लागेल.

घरी बायको बोलत नाही. पडद्याचं अजून मनात असावं.

३ मार्च

मुलीनं बॅच बदलून सकाळची घेतली. अभ्यासाच्या सोयीसाठी असेल. विचारलं नाही.

मीही सकाळची मागितली. मॅडम म्हणाल्या, भरलीय. मी सकाळी खिडकीतून पाहिलं, चौघं होती आणि सहा चौथरे. मोजदाद हा सगळ्यांचा प्रांत नसतो.

७ मार्च

संध्याकाळची बॅच. तीस किलो. कोपर खाली.

नवीन संकल्प: रोज सकाळी दात घासताना दोन्ही कोपर वर ठेवायचे. पहिल्याच दिवशी आरसा पेस्टनं भरला. प्रगती आहे.

९ मार्च, रविवार

बायको आज बोलली. म्हणाली, ते पन्नास होते. मी म्हणालो, एकोणपन्नास चारशे. ती म्हणाली, तिच्यासाठी पन्नास होते. मी म्हणालो, माणूस बदलला म्हणून वजन बदलत नाही, हे प्राथमिक आहे. ती म्हणाली, अहो, सहाशे ग्रॅमपायी पोरगी घालवाल.

दुपारभर यावर विचार केला. सहाशे ग्रॅम हा किरकोळ फरक नाही. कोणाही सोनाराला विचारावं.

संध्याकाळी मुलीच्या खोलीचं दार वाजवलं. तिनं विचारलं, काय काम होतं. काम काही नव्हतं. वजनात पारदर्शकता हवी, एवढं सांगून आलो.

१४ मार्च

पस्तीस किलो. ओढ जबरदस्त, मॅडमही हो म्हणाल्या. म्हणाल्या, ओढता भरपूर, सोडत नाही कधी. बार खांद्यावर येताना मूठ सैल करायची असते, बोटं उघडली की कोपर आपोआप वर जातात. मी घट्ट धरून ठेवतो म्हणून कोपर खालीच अडकतात. मी विचारलं, सोडला आणि पडला तर? त्या म्हणाल्या, खांदे आहेत ना.

पुढच्या वेळी बार हनुवटीला लागला. समोरच्या दाताचा टवका उडाला. दंतवैद्य बाईंनी तिथल्या तिथे मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. आ करा म्हणाल्या. मग म्हणाल्या, काका, किती आवळून धरता हो. मला वाटलं जबड्याबद्दल बोलतायत. बारबद्दल होतं.

बाई आता चाळीस किलोवर आहेत. कॅच बरा आहे त्यांचा. सुरुवातीला मीच त्यांना दोन शब्द सांगितले होते.

२१ मार्च

स्पर्धा तोंडावर. आज माझी पात्रता परीक्षा घ्यायची असं मॅडमना सांगितलं. अशी काही परीक्षा नसते, म्हणाल्या. मी म्हणालो, घ्याच. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. चाळीस किलो. तीन संधी.

पहिली: बार दंडांवर घेतला. कोपर खाली. मॅडमनी मान हलवली. कोणत्या दिशेनं ते नीट दिसलं नाही.

दुसरी: बार छातीपर्यंत आला. मी उभा. क्षणभर दोघंही थांबलो. मग तो खाली गेला. पाठोपाठ मी.

तिसरी: या वेळी अजिबात चूक करायची नाही असं ठरवून विजेसारखा खाली बसलो. कोपर वर, छाती वर, पाठ सरळ. दंतवैद्य बाईंनी टाळ्या वाजवल्या. बार मात्र ओढायचा राहून गेला होता. तो जमिनीवरच होता.

मॅडम म्हणाल्या, आज खाली तरी गेलात. म्हणजे त्यांच्याच तोंडून मुख्य अडचण सुटली. स्वतःला उत्तीर्ण केलं. पडलो तरी नाक वर, असं बायको म्हणाली. नाक नाही, कोपर, असं मी म्हणालो.

२६ मार्च

मुलीला पात्रता पूर्ण झाल्याचं कळवलं. ती बुटांच्या नाड्या बांधत होती. म्हणाली, आई येणारे आत.

मी निदर्शनाला आणलं की तिची आई बारला दांडा म्हणते आणि कॅच म्हणजे क्रिकेटमधला, असं समजते. मुलगी म्हणाली, म्हणूनच. मी विचारलं, आई आत करणार काय? म्हणाली, पाणी देईल. आणखी? आणखी काही नाही. मी म्हणालो, पाणी मीही देऊ शकतो.

यावर तिनं खरंच विचार केला. नाडी हातात धरून विचार केला. मग म्हणाली, नाही बाबा, तुम्हाला नुसतं पाणी देणं नाही जमायचं.

रागावून म्हणाली असती तर उत्तर होतं माझ्याकडे.

२७ मार्च

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की प्रेक्षकांत बसणंच जास्त सोयीचं. मागच्या खोलीतून कोपराचा कोन दिसतच नाही. समोरून स्पष्ट दिसतो. बायकोला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली, आणि पाण्याची बाटली उद्या नवीन आणू का असं मुलीला विचारायला गेली. मी चांगली बाटली कशी निवडावी ते सांगणार होतो. नंतर राहिलं.

२९ मार्च

उद्या. झोप येणं आवश्यक आहे. मला बसायचंच आहे म्हणा.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी.

सकाळी स्पर्धेच्या हॉलवर पोहोचलो. दोघी आधीच गेल्या होत्या. मागच्या खोलीच्या दाराशी पहारेकरी होता. मी म्हणालो, फक्त एक मिनिट, तिच्या कोपराबद्दल सांगायचंय. त्यानं विचारलं, तुम्ही कोण. मी वडील म्हणालो. त्यानं कागद बघितला आणि म्हणाला, एकीचं एकच माणूस, साहेब, तिचं माणूस आत आहे.

प्रेक्षकांत जाऊन बसलो. कोन खरोखरच चांगला दिसत होता.

स्नॅच, म्हणजे बार एका दमात थेट डोक्यावर, नीट पार पडला. मग क्लीन अँड जर्क, आधी खांद्यांवर, मग डोक्यावर. इथेच कॅच. पहिली उचल स्वच्छ. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे, म्हणजे मान्य. शेजारच्या बाईंना माझी मुलगी आहे म्हणून सांगितलं. डावा कोपर थोडा उशिरा येतो, हेही सांगितलं.

दुसरी उचल. बार वर आला, ती खाली गेली, बार खांद्यांवर बसला. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. डावा कोपर खाली होता. थोडासाच. मी उभा राहून ओरडलो, कोपर वर!

तिनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. तेवढ्यात बार पुढे कलला आणि पडला. तीन लाल दिवे.

दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून त्यांच्यात संबंध असतोच असं नाही.

आहे.

उद्घोषकानं माइकवरून सांगितलं की प्रेक्षकांनी उचल चालू असताना शांतता राखावी. शेजारच्या बाईंनी आपली पर्स मांडीवर घेतली आणि एक खुर्ची सोडून बसल्या. पडद्याच्या फटीतून मागची खोली थोडी दिसत होती. मुलगी स्टुलावर बसली होती, डोकं खाली घालून. मॅडम काहीतरी बोलत होत्या. बायको बाटली धरून उभी होती. नुसती उभी. काही सांगत नव्हती, पाठीवरून हात फिरवत नव्हती. मुलीनं न बघता हात पुढे केला, हिनं बाटली दिली, मुलगी प्यायली, हिनं परत घेतली. मला नसतं जमलं. मी त्या बाटलीचं झाकण कसं उघडावं हेसुद्धा सांगितलं असतं.

तिसरी उचल. शेवटची. ही गेली असती तर ज्यासाठी वर्षभर राबली त्यातलं निम्मं माझ्यामुळे गेलं असतं. मी बाहेर जायला उठलो. दारापाशी गर्दी होती, जाता येईना. मग भिंतीला टेकून उभा राहिलो आणि रुमालाचा बोळा करून तोंडात घातला. टवका उडालेला दात दुखला. दुखू दिला.

ती आली. बार धरला. ओढला. खाली गेली. डावा कोपर उशिरा आला की वेळेवर, ते सांगता येणार नाही, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. गाल फुगलेले, डोळे समोर. लहानपणी सायकल शिकताना असंच तोंड करायची. मी मागून सीट धरून पळायचो. खूप दिवस धरून पळालो. तिला कधीची येत होती.

उठली. डोक्यावर नेला. पांढरे दिवे. मी टाळ्या वाजवल्या, पण रुमाल तोंडातच होता, त्यामुळे एक बाई पाणी हवं का विचारायला आल्या.

एकूण चौथी आली. मॅडम खूश. दंतवैद्य बाईही आल्या होत्या, त्यांनी मुलीला मिठी मारली. मी मागे उभा राहून बॅग धरली.

घरी आलो. जेवताना मुलीनं विचारलं, दुसऱ्या वेळी कोण ओरडलं? आठवडाभरापूर्वी मी तीन-चार उत्तरं दिली असती. मी म्हणालो, मी. म्हणाली, माहितीय, आख्ख्या हॉलला माहितीय. मी म्हणालो, चुकलं. तिनं मान वर करून पाहिलं. बायकोनंही पाहिलं. बहुधा हा शब्द या घरात माझ्या आवाजात कोणी ऐकला नव्हता.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, मग तिसऱ्या वेळी कुठे होतात, बाहेर गेला होतात का? मी म्हणालो, आतच होतो. म्हणाली, आवाज नाही आला. मी म्हणालो, नाही आला.

तिनं भात वाढून घेतला आणि भांडं माझ्याकडे सरकवलं.

मग बायकोनं विचारलं, शेवटचं किती किलो होतं हो? आतून बोर्ड दिसत नव्हता तिला. वजनाचं काही असलं की या घरात मलाच विचारतात. मुलगीही माझ्याकडे बघत थांबली, आता मी काय म्हणतोय म्हणून.

मला सांगता आलं नाही. बोर्डाकडे बघायचं राहूनच गेलं.